सिरॅमिक की सेमी-मेटॅलिक? ओझं वाहणाऱ्या पिकअपचे ब्रेक पॅड

सिरॅमिक पॅड महाग, म्हणजे तेच चांगले, असं समजून बरेच जण ते बसवून घेतात. रोज पाठीवर माल किंवा मागे ट्रेलर असलेल्या पिकअपच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही.

ब्रेक लागतो तेव्हा गाडीचा वेग उष्णता होऊन चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कमध्ये आणि तिला घासणाऱ्या पॅडमध्ये उतरतो. वजन दुप्पट झालं की उष्णता दुप्पट होते, पण वेग दुप्पट झाला की चौपट. भरलेली गाडी लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आली की पॅड इतके तापतात की पकडच सुटते. पेडल घट्ट असतं, पाय जोर लावत असतो आणि गाडी मात्र पुढे जातच राहते. यालाच ब्रेक फेड म्हणतात.

सेमी-मेटॅलिक पॅड निरखून पाहा, त्याच्या थरात पोलादाचे बारीक तंतू चमकताना दिसतील. वजनाच्या साधारण 30 ते 65 टक्के धातूच असतो. म्हणून तो जास्त तापमानालाही पकड धरून ठेवतो आणि डिस्कमधली उष्णता ओढून घेतो. ती उष्णता पुढे कॅलिपरमार्गे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेक ऑइलपर्यंत जाते, हे मात्र विसरू नका. डॉट 3 या दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही हमी 140 अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. तेव्हा पॅडसोबत ऑइलचं वयही बघा.

सिरॅमिक पॅड आवाज कमी करतो, डिस्क कमी झिजवतो. त्याची धूळ फिकट असते, त्यामुळे चाकं काळी पडत नाहीत. पिकअप बहुतेक वेळ रिकामीच फिरत असेल तर खुशाल घ्या. (महागड्या स्पोर्ट्स गाड्यांचे कार्बन-सिरॅमिक ब्रेक वेगळे, तिथे डिस्कच त्या पदार्थाची असते. नाव ऐकून फसू नका.)

अनेक पॅडच्या कडेला कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं सामान्य तापमानाचा घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचा आकडा सांगतं, दुसरं तापल्यावरचा. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ 0.35 ते 0.45, जी 0.45 ते 0.55. 'एफई' दिसलं तर तापल्यावर पकड घटते असं समजा. ओझ्याच्या गाडीला मी निदान 'एफएफ' बघेन. ही अक्षरं पॅड किती टिकेल हे मात्र सांगत नाहीत.

एका ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला. नंतर मोकळ्या रस्त्यावर, गाडी रिकामी असताना, मध्यम वेगावरून हळूहळू ब्रेक लावत 20-30 वेळा वेग उतरवा, मध्ये थंड होऊ द्या. पॅडचा थर डिस्कवर नीट बसला की मगच माल भरा.