नॉर्टन, आंद्रे

(१७ फेब्रुवारी १९१२ – १७ मार्च २००५). किशोरांसाठी विज्ञानकथा व अद्भुतकथा लिहिणाऱ्या अमेरिकन कादंबरीकार. मूळ नाव ॲलिस मेरी नॉर्टन. जन्म ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे. इतिहासाची शिक्षिका होण्याच्या इराद्याने त्यांनी १९३० मध्ये वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु महामंदीने शिक्षण सुटले आणि क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी धरावी लागली. लेखिका म्हणून हे त्यांच्या पथ्यावरच पडले असावे. मुले कोणते पुस्तक झडप घालून नेतात आणि कोणते धूळ खात पडते, हे समजायला ग्रंथालयासारखी जागा नाही.

‘द प्रिन्स कमांड्स’ ही पहिली कादंबरी १९३४ मध्ये निघाली. त्याच वर्षी त्यांनी कायद्याने नाव बदलून ‘आंद्रे ॲलिस नॉर्टन’ असे केले. साहसकथा वाचतात ते मुलगे, आणि बाईने लिहिलेले पुस्तक ते हाती धरणार नाहीत, असा त्या काळच्या प्रकाशनव्यवसायाचा पक्का समज होता; ‘आंद्रे’ हे पुरुषी नाव त्यावरचा तोडगा. लेखकाचे घेतलेले नाव सहसा मुखपृष्ठापुरते राहते. नॉर्टन यांनी ते आयुष्यभरासाठी घेतले.

निव्वळ टोपणनावे म्हणावीत अशी त्यांची दोन. १९४७ मध्ये ‘फँटसी बुक’ या नियतकालिकात आलेली ‘द पीपल ऑफ द क्रेटर’ ही कथा ‘अँड्र्यू नॉर्थ’ या नावाची होती. ‘सारगासो ऑफ स्पेस’ (१९५५) व ‘प्लेग शिप’ (१९५६) या अंतराळ-व्यापाऱ्यांच्या कादंबऱ्यांवरही तेच नाव होते. त्या काढणाऱ्या नोम प्रेससाठी नॉर्टन स्वतः हस्तलिखिते वाचण्याचे काम करीत. ग्रेस ॲलन हॉगार्थ यांच्यासह लिहिलेली ‘मर्डर्स फॉर सेल’ (१९५४) ही रहस्यकथा ‘ॲलन वेस्टन’ या नावाने आली. पुढे ‘आंद्रे नॉर्टन’ हे नावच इतके खपू लागले की ‘नॉर्थ’च्या कादंबऱ्याही त्याच नावाने पुन्हा छापल्या गेल्या.

त्यांचे नायक बहुधा पोरके, परागंदा किंवा टोळीबाहेर टाकलेले असतात. अनेकदा त्यांची सोबत करतात ते मनाशी मन जोडणारे प्राणी. ‘द बीस्ट मास्टर’ (१९५९) हे त्याचे ठळक उदाहरण. अद्भुतकथाकार म्हणून त्यांची कीर्ती मात्र ‘विच वर्ल्ड’ (१९६३) या कादंबरीपासून पसरली. तिचा नायक सायमन ट्रेगार्थ एका प्राचीन शिलासनावरून दुसऱ्या जगात पोहोचतो. तिथल्या एस्टकार्प देशात सत्ता जादूगारणींच्या हाती आहे आणि त्या आपले खरे नाव कुणाला सांगत नाहीत, कारण नाव कळले की त्या व्यक्तीवर ताबा मिळतो. तीन नावांनी लिहिलेल्या लेखिकेला ही कल्पना सुचावी, यात गंमत आहे. याच मालिकेतील ‘इयर ऑफ द युनिकॉर्न’ (१९६५) ची निवेदक गिलन ही तरुणी आहे. ज्या बाजाराने लेखिकेला पुरुषी नाव घ्यायला लावले, त्याच बाजारात, त्याच नावाखाली मुलगी कथेच्या मध्यभागी आली. नॉर्टन यांच्या लेखनातले हे वळण पुरस्कारांहून महत्त्वाचे मानायला हवे.

त्यांची पुस्तके शंभरावर आहेत. गँडाल्फ ग्रँड मास्टर (१९७७) आणि अमेरिकी विज्ञानकथा-लेखक संघटनेचा ग्रँड मास्टर (१९८४) हे दोन्ही सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. टेनेसी राज्यातील मर्फ्रीझबरो येथे त्यांचे निधन झाले. किशोरांसाठीच्या विज्ञानकथा व अद्भुतकथांना दिला जाणारा आंद्रे नॉर्टन पुरस्कार याच संघटनेने २००५ मध्ये सुरू केला.