एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या

एका खोक्यातल्या दोन बाटल्या एकाच संध्याकाळी उघडल्या. मळा एक, हंगाम एक, भरल्याचा दिवस एक, आणि पुढची बारा-पंधरा वर्षं दोन्ही एकाच तळघरात शेजारी शेजारी आडव्या. पहिल्या ग्लासात फिकट सोनेरी रंग आणि लिंबाच्या सालीचा वास. दुसऱ्यात कोऱ्या चहाचा रंग, आणि वास अतिपिकल्या सफरचंदाचा, मधाचा, थोडा अक्रोडाचा. फळाचा ताजेपणा गेलेला. जुन्या व्हाइट वाइनचा नाद असलेल्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. रेड वाइन वयानं फिकी पडत जाते आणि व्हाइट गडद होत जाते, त्यामुळे व्हाइटचं बिघडणं लपत नाही.

ही तफावत नवी मात्र नाही. फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या मुलखात पूर्वी व्यापारी मळेवाल्यांकडून पिंपं उचलत आणि सवडीनं, एकेक पिंप घेऊन बाटल्या भरत. लेबल तेच, पण हे पिंप मार्चमधलं आणि ते पिंप जूनमधलं, असा प्रकार. मळेवाल्यांनी आपल्या बाटल्या आपणच भरायच्या, ही रीत तिथे १९३० च्या दशकात रुजू लागली. पुढे सगळी पिंपं आधी एका टाकीत एकत्र करून मग भरणं सर्रास झालं. पिंपापिंपांतला फरक त्यामुळे पुसला गेला. उरलं ते भरतानाचं नशीब आणि बूच.

हवा वाइनचं काय करते, याची रीतसर मांडणी लुई पाश्चर यांनी १८६६ च्या ग्रंथात केली. काचेची नळी वाइननं काठोकाठ भरून बंद केली तर आतली वाइन जवळपास तशीच राहते; नळीत हवेला जागा ठेवली तर रंग बदलतो, तळाशी साका बसतो. यावरचा उतारा त्याच्याही खूप आधीपासून हाताशी होता. डच व्यापारी सतराव्या-अठराव्या शतकात पिंपांत गंधक जाळत असत. आजचा सल्फर डायऑक्साइड त्याच घराण्यातला. रेडला टॅनिनचं, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या तुरट द्रव्याचं, चिलखत तरी असतं. व्हाइटची बहुतेक भिस्त सल्फर आणि आंबटपणा या दोघांवर. जर्मनीतल्या रीसलिंग द्राक्षाच्या व्हाइट वाइन इतकी वर्षं टिकतात त्याचं गमक बरंचसं इथेच आहे.

खरी खळबळ उडाली १९९५ आणि १९९६ च्या बर्गंडीच्या व्हाइट वाइनवरून. १९९६ चा हंगाम चांगलाच आंबट होता, त्यामुळे या वाइन दीर्घायुषी ठरणार अशी सगळ्यांची खात्री होती. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच लोकांनी खोकी फोडली, तर काही बाटल्या म्हाताऱ्या होऊन बसलेल्या आणि त्यांच्या शेजारच्या ठणठणीत. मोठमोठ्या घराण्यांच्या, महागातल्या महाग बाटल्यांचीही तीच गत. हवेनं वाइन अशी वेळेआधी बिघडण्याला, म्हणजे या अकाली ऑक्सिडेशनला (प्रीमॅच्युअर ऑक्सिडेशन), मग ‘प्रिमॉक्स’ असं सुटसुटीत नाव पडलं.

आरोपींची रांग लांब होती. जुनी दाबयंत्रं द्राक्षं निर्दयपणे पिळत. रस गढूळ निघे, हवेत तपकिरी पडे, आणि पुढे ऑक्सिडाइज होणारा बराच ऐवज आंबण्याआधीच खाली बसून जाई. हवेच्या पिशवीनं हळुवार दाबणारी नवी यंत्रं आली आणि रस स्वच्छ, जपलेला निघू लागला; म्हणजे तो ऐवज बाटलीपर्यंत शाबूत पोचला. पिंपातला यीस्टचा गाळ ढवळून वाइन गुबगुबीत करायची फॅशन आली, आणि दर ढवळणीला थोडी हवा आत जाणारच. त्यात चवीच्या नावाखाली सल्फरवर काटछाट. फ्रान्समधल्याच बोर्दोत वाइनचे संशोधक डेनी द्युबुर्दिये यांच्या गटानं या वासांचा माग काढला, तेव्हा एक मुख्य गुन्हेगार सापडला सोटोलॉन. मेथीच्या दाण्यांचा वास ज्या रेणूचा, तोच हा. गंमत अशी की बर्गंडीच्या पूर्वेला, शेजारच्या ज्युरात ‘व्हँ जोन’ नावाची वाइन सहा वर्षांहून जास्त काळ पिंपात यीस्टच्या सायीखाली मुद्दाम ठेवतात, आणि तिथे हाच वास मिरवला जातो.

पण या सगळ्या कारणांत एक अडचण आहे. दाबयंत्र, गाळ, सल्फर, सगळं टाकीतल्या प्रत्येक थेंबाला सारखंच लागू. एकाच टाकीतली एक बाटली मेली आणि दुसरी जगली, तर फरक त्या त्या बाटलीपुरताच कशात तरी असला पाहिजे. भरताना किती हवा आत राहिली हा एक भाग. दुसरा, आणि माझ्या मते मोठा, बूच.

बूच म्हणजे झाडाची साल. पोर्तुगालमध्ये ओकची ही साल दर नऊ वर्षांनी सोलतात, आणि एका सालीतली शेजारची दोन बुचंसुद्धा सारखी निघत नाहीत. साधारण २४ मिलिमीटर जाडीचं बूच १८.५ मिलिमीटरच्या गळ्यात कोंबलं जातं. त्याच्या पेशींत दबलेली हवा पहिल्या काही महिन्यांत वाइनमध्ये उतरते. किती उतरेल हे बुचागणिक वेगळं. त्यातच १९८० च्या सुमारास बुरसट वासाचं मूळ टीसीए हा रेणू असल्याचं समोर आलं. त्याला खतपाणी घालणारी क्लोरीनची धुलाई सोडून बुचंवाले हायड्रोजन पेरॉक्साइडकडे वळले. पेरॉक्साइडचा अंश बुचात राहून वाइनला नडला असावा, असा संशय बरेच दिवस घेतला गेला.

मग बूच तर शतकानुशतकं असंच बेभरवशाचं. घोळ १९९५-९६ लाच का? मला वाटतं, पूर्वीची वाइन एखादं ढिलं बूच पचवत असे. नाजूक झाल्यावर तिला ते पचेना.

ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न क्लेअर व्हॅलीच्या १९९९ च्या सेमिलोन या व्हाइट वाइनवर तपासला गेला. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटनं एकच वाइन १४ प्रकारच्या झाकणांखाली भरली. दहा वर्षांनंतर त्या बाटल्या ओळीनं मांडल्या, तर एका टोकाला स्क्रू कॅपखालची फिकट पिवळी आणि दुसऱ्या टोकाला काही कृत्रिम बुचांखालची तपकिरी. स्क्रू कॅपलाही खोट होती: सल्फर सर्वांत जास्त टिकला, पण किंचित रबरासारखा वास आला. तरीही क्लेअरचे रीसलिंगवाले २००० च्या हंगामापासून एकजुटीनं तिकडे वळले, पाठोपाठ न्यूझीलंडही.

बर्गंडीनं मधली वाट काढली. सालीचा भुगा करून, दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं धुऊन चिकटवलेलं ‘डियाम’ बूच तिथे शिरलं. ते बूच बुचासारखं दिसतं, आणि दर नगाला जवळपास तेवढीच हवा देतं. तिथल्या दोमेन लफ्लेव्ह या नामांकित घराण्यानंही २०१४ च्या हंगामापासून ते घेतलं.

त्याआधीच्या हंगामांच्या बाटल्या अजून तळघरांत आहेत. बर्गंडीच्या काचेचा रंग सुकल्या पानासारखा, पिवळट हिरवा, त्यामुळे आतला रंग नुसत्या डोळ्यांना नीट कळत नाही. म्हणून लोक खोक्यातल्या सगळ्या बाटल्या रांगेत उभ्या करतात, मागून टॉर्च मारतात, आणि सर्वांत गडद दिसेल ती आधी उघडतात.