जनरेटर झाकू नका, लांब न्या

पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या जनरेटरसाठी आपल्याकडे ८६ डेसिबल ध्वनिशक्तीची मर्यादा आहे. यंत्रातून एकूण किती आवाज बाहेर पडतो, ते हा आकडा सांगतो. कानावर किती पोहोचतो, ते अंतरावर ठरते. उघड्या मैदानात असा जनरेटर ७ मीटरवर साधारण ६१ डेसिबल ऐकू येतो, १४ मीटरवर ५५, २८ मीटरवर ४९ आणि ५६ मीटरवर ४३. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी, असा सरळ हिशेब आहे. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा असते. पवना किंवा भंडारदऱ्याच्या काठी तंबू ठोकणाऱ्यांनी हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. त्यासाठी सर्वांत कामाची वस्तू म्हणजे ५० मीटर वायर.

जनरेटर विकत घेताना माहितीपत्रकावरचा डेसिबलचा आकडा कुठल्या अंतरावरचा आणि किती लोडवरचा, हे आधी विचारावे. बरेच आकडे ७ मीटरवरचे आणि पाव लोडवरचे असतात. पूर्ण लोडवर तेच यंत्र बरेच जास्त ओरडते.

लांब वायरमुळे विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होईल ही भीती रास्त आहे, पण ती वायरच्या जाडीवर अवलंबून आहे. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर ५० मीटर घेतली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.८ ओहम होतो. ८ अँपिअर, म्हणजे जवळपास १८०० वॅट घेतले तरी ६-७ व्होल्टच कमी होतात. १ चौरस मिलिमीटरच्या स्वस्त वायरमध्ये हीच घट १५ व्होल्टच्या वर जाते आणि वायर तापते. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नये. आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळते.

अंतरानंतर वारा. वाऱ्याच्या दिशेने आवाज लांबवर जातो, वाऱ्याविरुद्ध तो वर वळतो आणि जमिनीलगत कमी ऐकू येतो. म्हणून वारा तंबूकडून जनरेटरकडे वाहील अशी जागा निवडावी. सह्याद्रीच्या उतारांवर सूर्य मावळल्यावर हवा गार होऊन खाली सरकते, त्यामुळे शांत रात्री जनरेटर तंबूंच्या खालच्या अंगाला असलेला बरा. मात्र थेट पाण्याच्या कडेला नको. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते. वर निघालेला आवाज त्या उबदार थराकडून पुन्हा खाली वळतो आणि सपाट पाण्यावरून पलीकडच्या गावापर्यंत पोहोचतो. अशा रात्री वरचे हिशेबातले आकडे कमी पडतात. उघडा कातळही आवाज परतवतो. गवताळ, मऊ जमीन तो बराचसा शोषते.

हीच मांडणी जीवही वाचवते. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही त्याची लक्षणे. दिवसभर गड चढून आलेला माणूस त्यांना थकवा समजून झोपून जातो, आणि धोका नेमका तिथेच आहे. आवाजाचा प्रश्न नसला तरी तंबूपासून किमान ६ मीटर अंतर आणि धुराचे तोंड पलीकडे, यात तडजोड नाही. पावसात जनरेटर तंबूच्या छज्जाखाली ओढणे म्हणजे झोपलेल्यांच्या अंगावर धूर सोडणे.

आवाज कमी करायला बहुतेकांना पहिल्यांदा पेटी सुचते. ती कशी फसते ते पाहा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. छोटा जनरेटर त्यातून जेमतेम दोन युनिट वीज काढतो. उरलेली सात युनिट उष्णता होते. तासाला लिटरभर पेट्रोल जळत असेल, तर बंद पेटीत १००० वॅटचे सात हिटर लावल्यासारखेच झाले. इंजिन तापते, वाइंडिंगचे, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांचे, आवरण जळते, टाकीतले पेट्रोल वाफाळते. गोधडी किंवा ताडपत्री टाकणे तर आगीला आमंत्रण.

पेटीऐवजी आडोसा करावा. १२ मिलिमीटर प्लायवूडचे चार फूट उंच आणि पुरेसे रुंद तीन तुकडे इंग्रजी यू अक्षरासारखे उभे करा. यंत्रापासून दोन-तीन फूट मोकळे ठेवा, वरून उघडे, मोकळी बाजू आणि धुराचे तोंड तंबूंच्या उलट दिशेला. खालची फट मातीने बुजवा, कारण बोटभर फटीतूनही बराच आवाज निसटतो. यंत्र दिसेनासे झाले की साधारण ५ डेसिबल कमी होतात. आतून थर्माकोल किंवा फोम लावू नका: ते पेटतात आणि हलके असल्याने आवाज अडवत नाहीत. आवाज अडवायला वजन लागते.

आडोशाने वरची टरटर जाते, घुमणे मात्र राहते. ५० हर्ट्झ वीज देण्यासाठी साधा जनरेटर मिनिटाला ३००० फेरे फिरतो. फोर-स्ट्रोक एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला २५. या २५ हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास १४ मीटर असते. चार फुटी फळीवरून ती सहज वळून येते. फेरे कमी करावेत म्हणून गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा, स्क्रू ढिला करणारे भेटतात. तसे करू नका. २४०० फेऱ्यांवर वीज ४० हर्ट्झची होते, दाब उतरतो आणि फ्रिज-पंपाच्या मोटारी तापून जळतात. इन्व्हर्टर जनरेटरला हे बंधन नाही. त्यात आधी डीसी करून मग ५० हर्ट्झ बनवतात, म्हणून कमी लोडवर इंजिन हळू फिरू शकते.

नेहमीपेक्षा जास्त आवाज येत असेल तर बहुधा काहीतरी सैल झालेले असते. इंजिन थंड असताना सायलेन्सरचे नट पान्याने तपासा. जोडापाशी काजळीचा काळा पट्टा दिसला तर पॅकिंग गेले आहे, धूर तिथून फुटतो. एअर फिल्टरचे झाकण नसेल तर इंजिनाचा श्वास ऐकू येतो. खाली रबर द्यायचे तर ते जनरेटरच्या वजनाने ३-४ मिलिमीटर दबले पाहिजे. कडक रबर कंपने तशीच जमिनीत सोडते. जीपच्या किंवा ट्रॉलीच्या पत्र्यावर यंत्र चालवले तर सगळा पत्रा वाजतो. जागा सपाट असावी, नाहीतर ऑइल कमी असल्याचे समजून सेन्सर इंजिन बंद पाडतो. इंजिन सारखे वर-खाली होत असेल तर बहुतेकदा कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा असतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढते आणि महिनोन्‌महिने पडून राहिले की चिकटा सोडते. म्हणून घरी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे.

मोटारीचा मोठा सायलेन्सर जोडायचा असेल तर मध्ये लवचिक पाइप हवा आणि सायलेन्सरला स्वतंत्र टेकू हवा. त्याचे वजन इंजिनावर लटकले की कंपनांनी स्टड तुटतात. धुराचा पाइप पाण्याच्या बादलीत सोडण्याची युक्ती टाळावी. इंजिन बंद झाल्यावर पाइपातला वायू गार होऊन आकसतो आणि पाणी वर ओढले जाते.

रात्री मात्र जनरेटर लागतच नाही, असे नियोजन करता येते. ५ वॅटचे चार दिवे आणि २८ वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे मिळून ७६ वॅट. आठ तासांचे साधारण ६०० वॅट-तास. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॅट-तास असतात. इन्व्हर्टरमधली तूट धरूनही पहाटेपर्यंत पुरून उरतात. २० अँपिअरचा चार्जर ती रिकामी बॅटरी साधारण पाच तासांत भरतो, म्हणून जनरेटर संध्याकाळी पाचला सुरू करावा. मोबाइल, कॅमेरे, पंप हे सगळे त्याच वेळेत उरकावे. दहाच्या थोडे आधी सगळा लोड काढून इंजिन दोन-तीन मिनिटे रिकामे चालू द्यावे, मग बंद करावे. पेट्रोल सकाळी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर भरावे.