आरटीईची लॉटरी लागते आणि प्रवेश भाडेकरारावर अडतो

खासगी विनाअनुदानित शाळांत सुरुवातीच्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. शिक्षण हक्क कायदा, म्हणजेच आरटीई, २००९ चा. आठवीपर्यंत फी पालकांनी भरायची नाही. अल्पसंख्याक शाळांना मात्र हे लागू नाही, २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, त्यामुळे यादीत त्या शोधत बसू नका.

अर्ज ऑनलाइन, फुकट. शाळा जास्तीत जास्त दहा निवडता येतात. इथवर कुणी अडत नाही.

अडतात ते लॉटरी लागल्यावर, म्हणजे सोडतीत नाव निघाल्यावर, कागद तपासणाऱ्या पडताळणी समितीपुढे. पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांची गत बघा. हडपसरचे एक रिक्षावाले दादा पेढे वाटून कागद घेऊन आले होते. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार होता, पण नोटरीचा. चालला नाही. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो, अकरा महिन्यांचा किंवा जास्तीचा, आणि अर्ज सुरू होण्याच्या तारखेआधीचा. लॉटरी लागल्यावर धावतपळत केलेला उपयोगाचा नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याची पावती म्हणजेही नोंदणी नव्हे. घरमालक नोंदणीला नाही म्हणतो, हे समितीला सांगून काय होणार? म्हणून दिवाळीतच त्याच्या मागे लागा.

दुसरा घोळ उत्पन्नाचा. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), दिव्यांग आणि अनाथ मुलांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तरी लोक तहसीलच्या रांगेत दोन दोन दिवस घालवतात, कारण कुणीतरी ‘असू द्या बरोबर’ म्हणालेलं असतं. दाखला लागतो तो खुल्या गटातल्यांना, वर्षाला एक लाखाच्या आतला. आता पुण्यासारख्या शहरात एक लाखात घर कसं चालतं, हे ही मर्यादा ठरवणाऱ्यांनीच सांगावं! वंचित गटातल्या जाती-जमातींच्या मुलांना जातीचा दाखला हवा, वडिलांचा किंवा मुलाचा, आणि तो महाराष्ट्रातला. परराज्यातला दाखला चालत नाही. सोलापूर-कलबुर्गी सीमेवरून आलेली कुटुंबं इथे हमखास अडकतात.

ऑनलाइन अर्जातल्या नकाशावरचा फुगाही नीट बघा. घराची खूण गल्लीच्या तोंडाशी ठेवली तर शाळेचं अंतर चुकतं, आणि पडताळणीत पत्ता जुळला नाही की प्रवेश जातो. सायबर कॅफेवाला घाईत असतो. फुगा स्वतः सरकवा.

‘आमच्याजवळ महापालिकेची शाळा आहे, मग आम्हाला मिळणार नाही ना?’ हा प्रश्न अजून येतो. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या राखीव जागांतून सूट देणारा नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच जुलैत रद्द केला.

एका मुलाचे दोन अर्ज भरू नका. ‘एक आईच्या मोबाइलवरून, एक बाबांच्या’ असं करणाऱ्यांचे दोन्ही बाद होतात. अर्ज भरून शेवटचं ‘कन्फर्म’ न दाबलेलेही बरेच निघतात. त्यांचा अर्ज लॉटरीत जातच नाही.

लॉटरीनंतर एसएमएसची वाट बघू नका, कधी येतो, कधी नाही. अर्ज क्रमांक टाकून संकेतस्थळावर रोज बघा. मुदत गेली की जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाते.