पूर्वअर्हता प्रश्नावली (बांधकाम)

पूर्वअर्हता प्रश्नावली : बांधकामासाठी दर मागवण्याआधी कंत्राटदार, उपकंत्राटदार किंवा साहित्य पुरवठादार ते काम पेलू शकतील का, हे पाहण्यासाठी मालक किंवा मुख्य कंत्राटदार तयार करतो तो प्रश्नांचा संच. यात दर विचारले जात नाहीत. भारतातील सरकारी कामांत ही तपासणी पुष्कळदा स्वतंत्र टप्प्यात न करता निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यातच उरकली जाते आणि त्यात उतरणाऱ्यांचाच दराचा लिफाफा उघडतात.

तयार माल हातात घेऊन पारखता येतो. इमारत किंवा पूल करार करताना अस्तित्वातच नसतो. शिवाय कंत्राटदार अर्ध्यावर बदलणे फार महागात पडते. झालेल्या कामाचे मोजमाप नव्याने करावे लागते, दोष कोणाचा यावरून वाद होतात आणि नवा कंत्राटदार जुन्याच्या कामाची हमी घ्यायला तयार नसतो. म्हणून ही चाळणी आधी लावतात.

प्रश्नावली बनवताना हटकून होणारी गोष्ट म्हणजे मागच्या कामाचा नमुना काढून त्यावर नवे नाव घालणे. त्यातूनच नुसते सिमेंट पोचवणाऱ्याला उंचावरील कामाच्या सुरक्षेची कागदपत्रे मागितली जातात. सुरुवात त्या कामातल्या जोखमीपासून व्हायला हवी. रेडीमिक्स काँक्रीटच्या पुरवठादाराकडून प्लांटची तासाची क्षमता, प्लांट बंद पडल्यास पर्यायी सोय, कामापर्यंत पोचायला लागणारा वेळ आणि क्यूब चाचण्यांचे (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या मजबुतीच्या चाचण्यांचे) अलीकडचे निकाल हवेत. लिफ्ट बसवणाऱ्याला विचारायचे प्रश्न निराळे. प्रत्येक प्रश्नाबाबत तीन गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्या लागतात : पुरावा कोणता चालेल, किमान पातळी किती आणि ती न गाठल्यास अर्ज बाद की फक्त गुण कमी. ज्या प्रश्नाच्या उत्तराने निर्णय बदलणार नाही, तो प्रश्न काढून टाकावा. ‘आपले गुणवत्ता धोरण आहे का?’ याला आजवर कोणी ‘नाही’ म्हटले असेल असे वाटत नाही. नापास झालेल्या एखाद्या चाचणीची नोंद आणि त्यानंतर केलेली कारवाई मागितली, तर खरे चित्र कळते.

पूर्वानुभवासाठी भारतात केंद्रीय दक्षता आयोगाच्या डिसेंबर २००२ च्या परिपत्रकातील निकष सुपरिचित आहेत. मागील ७ वर्षांत पूर्ण केलेली तशाच स्वरूपाची कामे पाहतात : अंदाजित खर्चाच्या प्रत्येकी किमान ४० टक्के रकमेची ३, किंवा ५० टक्के रकमेची २, किंवा ८० टक्के रकमेचे १. मागील ३ वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के असावी. निकष फार कडक नसावेत आणि फार सैलही नसावेत, असा त्या परिपत्रकाचा रोख होता. खरी मेख मात्र टक्क्यांत नसून ‘तशाच स्वरूपाचे काम’ या शब्दांत असते. व्याख्या अरुंद ठेवली की एखाद्याच कंत्राटदाराच्या मापाची निविदा बनते. सैल ठेवली की गोदाम बांधणारा रुग्णालयासाठी पात्र ठरतो. व्याख्या अर्ज उघडण्यापूर्वी लेखी असणे म्हणूनच महत्त्वाचे.

अनुभव असला तरी हात मोकळे आहेत का, हा प्रश्न उरतो. त्यासाठी रस्ते बांधणीच्या निविदांत बोली क्षमतेचे सूत्र वापरतात : अ × न × २.५ − ब. यात ‘अ’ म्हणजे मागील ५ वर्षांपैकी एका वर्षात केलेल्या कामांचे सर्वाधिक मूल्य, ‘न’ म्हणजे नव्या कामाची मुदत वर्षांत आणि ‘ब’ म्हणजे त्या मुदतीत पार पाडायच्या चालू कामांचे मूल्य. ‘अ’ ४० कोटी, मुदत दीड वर्ष आणि हाती ९० कोटींची कामे असतील, तर शिल्लक क्षमता ६० कोटी येते. गुणक सर्वत्र २.५ च असतो असे नाही.

उलाढालीवर फार विसंबणे धोक्याचे. ब्रिटनमधील कॅरिलियन या बांधकाम कंपनीची २०१६ ची उलाढाल सुमारे ५.२ अब्ज पौंड होती. जानेवारी २०१८ मध्ये ती बुडाली, तेव्हा देणी सुमारे ७ अब्ज पौंड आणि रोकड जेमतेम २.९ कोटी पौंड होती. ताळेबंद, रोख प्रवाह आणि उपकंत्राटदारांची बिले किती दिवसांत चुकती होतात, हे त्यामुळे विचारावेच लागते. उलट बाजूने, उलाढालीची अट फुगवून लहान कंत्राटदारांना बाहेर ठेवले जाऊ नये म्हणून युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात ही अट साधारणपणे कराराच्या अंदाजित मूल्याच्या दुपटीपलीकडे नेण्यास मनाई आहे.

सुरक्षेच्या भागात अपघातदर विचारताना भाजक न सांगण्याची चूक वारंवार दिसते. अमेरिकेत हा दर २,००,००० मनुष्यतासांमागे काढतात, तर बऱ्याच इतर ठिकाणी १०,००,००० तासांमागे. म्हणजे तेवढ्याच अपघातांचा आकडा पाचपट दिसू शकतो. शिवाय नुसत्या कमी आकड्याला गुण दिले, की अपघात दडवणाऱ्याचा फायदा होतो. किरकोळ घटनांच्या नोंदी आणि त्यांनंतर केलेले बदल मागणे अधिक उपयोगाचे. आयएसओ ४५००१ या कामावरील सुरक्षा व आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र पूरक पुरावा म्हणून चालते.

ही प्रश्नावली मागचे पाहते, निविदा पुढचे. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये लियानाकिस खटल्यात ही सीमा स्पष्ट केली : बोलीदाराची क्षमता तपासण्याचे निकष कंत्राट कोणाला द्यायचे हे ठरवताना वापरता येत नाहीत. ‘हे काम कसे कराल?’ असा प्रश्न त्यामुळे पूर्वअर्हतेत बसत नाही, तरी तो सर्रास घातला जातो.

एकाच कंत्राटदाराने तीच माहिती प्रत्येक मालकाला निराळ्या साच्यात भरून देण्याचा खर्च अखेर दरांतच उतरतो. ब्रिटनमध्ये यावर उपाय म्हणून २०१० मध्ये ‘पास ९१’ हा प्रमाणित प्रश्नसंच आला; पुढे तो मागे घेण्यात आला आणि त्याची जागा २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉमन असेसमेंट स्टँडर्ड’ने घेतली. त्यात मान्यताप्राप्त संस्थेकडून एकदा मूल्यमापन करून घेतले, की ते अनेक मालकांना चालते. सामाईक माहिती अशी एकदाच गोळा झाली, तर मालकाच्या प्रश्नावलीत त्या विशिष्ट कामाचेच मोजके प्रश्न उरतात.