ना दगड, ना फूल

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या घरी वर्षाचा काळा मसाला होतो. मिरच्या वाळलेल्या असतात, धणे-खोबरं भाजून झालेलं असतं आणि शेवटी निवडायला उरतं ते दगडफूल. काम चिवट आहे. करड्या, चुरगळलेल्या पापुद्र्यांतून सालीचे तुकडे, काड्या, एखादा खडा वेचत बसायचं. यंदा मदतीला शेजारच्या दोघी होत्या. एकीच्या घरी कानडी, दुसरीच्या घरी तेलुगू. सोलापुरात याचं कुणाला नवल नाही. एक म्हणाली, "आमच्यात याला कल्लुहूवु म्हणतात." दुसरी म्हणाली, "आमच्यात राति पुव्वु." म्हणजे तिन्ही भाषांत दगडाचं फूलच. तीन भाषांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मला तरी आठवत नाही, आणि नेमक्या इथेच तिन्ही चुकल्यात. ते फूल नाही हे तर उघडच आहे, पण बाजारात येणारं दगडफूल बहुतेक वेळा दगडावरचंही नसतं. दमट, डोंगराळ भागातल्या झाडांच्या सालीवरून ते खरवडून काढतात. निवडताना सालीचे तुकडे निघतात ते त्यामुळेच.

मग ते आहे काय? एक मोठासा पापुद्रा वाटीभर पाण्यात टाका. वरची बाजू करडी, खालची काळी. दोन-तीन मिनिटांत करड्या बाजूवर हिरवी झाक चढू लागते. रंग बाहेरून येत नाही. वरची साल कोरडी असताना अपारदर्शक असते, भिजली की काचेसारखी होते आणि आत दडलेलं शेवाळ दिसू लागतं. साल, गाभा, खालची काळी बाजू हे सगळं घर बुरशीचं. त्यात मधल्या मजल्यावर एकपेशीय शेवाळाचा पातळ थर राहतो. शेवाळ उन्हात साखर तयार करतं, बुरशी त्याला आडोसा देते, ओल धरून ठेवते आणि साखरेतला मोठा वाटा स्वतः घेते. दोघांचा मिळून एक देह. शास्त्रात या जोडजिवाला लायकेन म्हणतात.

हे पहिल्यांदा ठामपणे सांगितलं सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने, १८६७ साली. त्याने बुरशीला मालक म्हटलं आणि शेवाळाला तिने धरून ठेवलेले गुलाम. दगडफुलांवर आयुष्य घालवलेले तज्ज्ञ चिडले. आपण ज्याला एक स्वतंत्र वनस्पती म्हणून नावं देत आलो ती मुळात एक वनस्पतीच नाही, हे कोण सहज मान्य करील? विरोधकांत विल्यम नायलँडर हे मोठं नाव. गंमत अशी की याच नायलँडरने १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुलं अभ्यासून ती शहराच्या हवेची शुद्धता सांगतात, हे दाखवून दिलं होतं. निरीक्षण अचूक, पण समोरच्या जिवात दोघे राहतात हे काही पटलं नाही. २०१६ साली तर अनेक दगडफुलांच्या सालीत यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशी सापडली. म्हणजे दोघांच्या संसारात कधीकधी तिसराही असतो.

मसाल्यातलं दगडफूल सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढत नाही, पण त्याची गरीब भावंडं इथेही आहेत. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळून जाताना काळ्या दगडांवरचे पांढुरके डाग बघा. चुना सांडल्यासारखे वाटतात. नखाने खरवडले तरी निघत नाहीत, कारण बुरशीचे धागे दगडाच्या फटींत रुतलेले असतात. यांची वाढ इतकी हळू होते की तळहाताएवढा डाग आपल्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. तेव्हा खरवडू नकाच.

दगडावरचा हा व्यवहार निदान डोळ्यांना दिसतो. त्याहून मोठा व्यवहार आपल्या ज्वारीच्या रानात चालतो, तो मात्र काळ्या मातीत गाडलेला.

रब्बीची ज्वारी म्हणजे मोठ्या धीराचं पीक. पाऊस सरता सरता पेरायची आणि पुढे जमिनीतल्या ओलीवरच काढायची. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी आजही याच जोरावर उभी आहे. आता अडचण अशी की स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, काळ्या चुनखडीच्या मातीत असला तरी बांधलेला असतो. तो जागचा हलत नाही. मूळ भोवतालचा स्फुरद संपवतं आणि मग उपाशी बसतं. इथे बुरशी येते. तिचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक असतात (धाग्याचं अप्रूप चादरीच्या गावाला कसलं, पण असलं सूत कुठल्याच मागावर निघायचं नाही). मूळ जिथे शिरत नाही त्या फटींतून ते पुढे जातात आणि स्फुरद घेऊन येतात. दुसरं टोक मुळाच्या पेशीत शिरतं आणि तिथे इवल्याशा झुडपासारखं फांद्या फोडतं. त्या झुडपापाशी देवाणघेवाण होते. झाड आपल्या कमाईतला शंभरात चार ते वीस हिस्सा बुरशीला देतं. मला यात बलुतं दिसतं. वर्षभर काम करायचं आणि खळ्यावर आपला वाटा घ्यायचा.

या मूळ-बुरशीला मायकोरायझा हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रँक याने १८८५ साली दिलं. करार मात्र फार जुना. स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म मिळाले आहेत. त्यांना धड मुळंही नव्हती, पण पेशींत तीच झुडपं आहेत. मुळं यायच्या आधी बुरशी आली होती. आज बहुसंख्य झाडं हा करार पाळतात. मोहरी-कोबीच्या घराण्यासारखी काही मोजकी घराणी तेवढी त्यातून बाहेर पडलेली आहेत.

पण झाडाने बुरशीला बोलवायचं कसं? हा प्रश्न सुटला तो भलत्याच वाटेने, टारफुला नावाच्या तणामुळे. ज्याच्या रानात टारफुला आला त्याला तो वेगळा सांगायला नको. वर एवढंसं रोप आणि पांढरी फुलं, खाली मात्र ज्वारीच्या मुळाला तोंड लावून बसलेला. एकेका रोपाला धुळीसारखं हजारो बी येतं आणि ते मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं. शेजारी ज्वारीसारख्या पिकाचं मूळ आल्याशिवाय ते उगवतच नाही, कारण उगवून मूळ सापडलं नाही तर काही दिवसांत मरण ठरलेलं. मग त्याला मूळ आल्याचं कळतं कशावरून? १९६६ साली अमेरिकेत कापसाच्या मुळांतून एक द्रव्य वेगळं काढण्यात आलं. त्याच्या नावालाही पुरणार नाही एवढ्या मात्रेने टारफुल्याच्या जातीचं बी उगवलं. अशा द्रव्यांना पुढे स्ट्रायगोलॅक्टोन म्हणू लागले.

कोडं इथून सुरू झालं. आपल्याच शत्रूला जागं करणारं द्रव्य झाड का सोडत असेल? असला आतबट्ट्याचा धंदा कोट्यवधी वर्षं टिकेल कसा? उत्तर यायला ३९ वर्षं गेली. २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की याच द्रव्याने मूळ-बुरशीचे धागे भराभर फांद्या फोडू लागतात. झाड हाक बुरशीलाच मारत होतं. टारफुला कान देऊन बसला होता, इतकंच. स्फुरदाची चणचण जितकी जास्त तितकी हाक मोठी. म्हणून हलक्या, उपाशी रानात टारफुला जास्त माजतो.

याची उलटी बाजूही आहे. एका हाताने मायकोरायझाची पुडी आणायची आणि दुसऱ्या हाताने स्फुरदाचं खत भरमसाट ओतायचं, हा प्रकार मी कित्येक ठिकाणी पाहतो. आयता स्फुरद मिळाला की झाड हाक मारणं कमी करतं आणि बुरशीला मुळात घेत नाही. खळ्यावर काम नसेल तर बलुतं कोण देणार?

सगळ्या बुरशी बलुतेदार नसतात, हेही त्याच रानात दिसतं. दाणा भरताना ओल तुटली की ज्वारी बुडापाशी कोलमडते. ताट उभं चिरलं तर आतला गर गेलेला, नुसते दोरे उरलेले आणि त्यावर कोळशाची पूड भुरभुरावी तसे काळे कण. हा खडखड्या रोग. ती बुरशी जमिनीत होतीच, पीक तहानेने टेकीला येईपर्यंत गप्प होती.

आता वारूळ. नागपंचमीला बायका वारुळाला जातात, आणि आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपण येताजाता वापरतो. पण ते बीळ ज्यांनी बांधलं त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. त्या मुंग्याही नव्हेत, ती वाळवी. ही वारूळ बांधणारी वाळवी पक्की शेतकरी आहे. लाकूड, काडीकचरा खाऊन ती आत आणते, पण तिला तो पुरता पचत नाही. अर्धवट पचलेल्या विष्ठेचे ती स्पंजासारखे, अक्रोडाच्या गरासारखे वळणावळणाचे गड्डे रचते आणि त्यावर बुरशी लावते. बुरशी लाकडातला चिवट भाग मोडून काढते. गड्ड्यावर बाजरीच्या दाण्याएवढे पांढरे मणी धरतात, वाळवी ते खाते आणि मुरलेला गड्डाही खाते. पावसाळ्यात वारुळाच्या अंगावर लांब देठाच्या छत्र्या उगवतात, त्याच बुरशीच्या. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांची, माणसाची दहा-बारा हजारांची. वसाहत मेली की गड्ड्यांवर दुसरीच बुरशी काळ्या काड्या काढते, ते तण. निंदणारं कुणी राहिलं नाही की तण माजायचंच.

सांगोल्याकडचा एक मित्र डाळिंब करतो. गेल्या साली त्याच्या बागेत मर लागली. एकेक फांदी पिवळी पडत झाडं वाळू लागली. बुंध्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि भोकांतून बारीक भुसा. "लाकूड खातंय रे हे," तो म्हणाला. खात नाही. दोन मिलिमीटरचा हा भुंगेरा लाकडात फक्त बोगदा पाडतो. अंगावरच्या खास पिशवीतून आणलेली बुरशी तो बोगद्याच्या भिंतींना लावतो आणि पिल्लं ती बुरशी खाऊन वाढतात. तीच वाळवीची शेती, फक्त उभ्या झाडात. मर आणणारी बुरशी वेगळी. ती मातीतून, रोपांतून, छाटणीच्या कात्रीवरूनही येते, आणि खंगलेलं झाड भुंगेऱ्याला नेमकं सापडतं. वाळलेली झाडं मुळासकट काढून बागेबाहेर जाळावी लागली.

जाळण्याआधी वीतभर तुकडा मी मागून आणला आणि बरणीत ठेवला. कापाच्या तोंडावर तपकिरी-काळा डाग होता, मधे बोगद्याचं काळ्या कडेचं तोंड. तळाला रोज चिमूटभर भुसा पडायचा. नवव्या दिवशी दोन भुंगेरे बाहेर येऊन काचेवर चढत होते. दोन्ही माद्याच असणार, कारण या जातीचे नर उडत नाहीत, बोगद्यातच राहतात. माद्या आतच फळतात आणि बियाण्याची पिशवी भरूनच बाहेर पडतात. आमच्या अंगणातही एक डाळिंब आहे. त्या रात्री बरणीचं झाकण मी दोनदा उठून पाहिलं.