रिव्हॉल्व्हरचं कुलूप वेगळं, सेफ्टी वेगळी

"लॉक आहे ना, मग हातातून पडलं तरी गोळी सुटणार नाही." "सेफ्टी आहे ना, मग पोराच्या हाती लागलं तरी काही होत नाही." परवानाधारकांच्या बोलण्यात ही दोन्ही वाक्यं सर्रास येतात, आणि दोन्ही चुकीची आहेत. लॉक आणि सेफ्टी एकच समजून केलेली ही गल्लत आहे. लॉक म्हणजे चावीनं लावायचं कुलूप. परक्या हातात ते रिव्हॉल्व्हर चालू नये, एवढंच त्याचं काम. सेफ्टी म्हणजे आतली एक बारीक पट्टी. चाप ओढलेला नसताना घोड्याचा (मागून आपटणाऱ्या हातोडीसारख्या भागाचा) ठोका काडतुसापर्यंत पोचू नये, हे तिचं काम. कुलूप तुम्ही लावाल तेव्हाच लागतं. पट्टी चापाला जोडलेली असते, तिला कोणी सांगावं लागत नाही.

बऱ्याच पिस्तुलांना बाजूला अंगठ्यानं वर-खाली करायचा खटका असतो, त्याला लोक सेफ्टी म्हणतात. म्हणून रिव्हॉल्व्हरवरही तसाच खटका शोधला जातो. बहुतेक रिव्हॉल्व्हरला तो नसतोच. मग चावीचं भोक दिसलं की हीच सेफ्टी असावी असा समज होतो.

आधी कुलूप घेऊ, कारण वाद सगळा त्याच्यावरच आहे.

स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरला सिलिंडर (काडतुसांचा फिरता गोल भाग) उघडायच्या खटक्याच्या वर, डाव्या अंगाला, एक गोल भोक दिसतं. त्यात छोटी नळीसारखी चावी घालून शेजारच्या 'एल' अक्षराच्या बाणाकडे फिरवली की घोड्यालगत एक पातळ पत्रा वर येतो आणि घोडा मागे जायचा थांबतो. घोडा हलत नाही म्हणून चापही ओढला जात नाही. टॉरस या ब्राझीलच्या कंपनीनं हेच कुलूप घोड्याच्या पाठीत बसवलं. रूगर या अमेरिकन कंपनीनं काही मॉडेलमध्ये ते मुठीच्या पट्टीआड लपवलं, त्यामुळे बाहेरून भोक दिसत नाही.

अमेरिकेतल्या बंदूकधारकांचा सर्वांत मोठा राग स्मिथ अँड वेसनच्या भोकावर आहे, आणि त्यामागे एक इतिहास आहे. मार्च २००० मध्ये कंपनीनं क्लिंटन सरकारशी करार केला. हातबंदुकांना कुलूप देण्याचं आश्वासन त्यात होतं. ग्राहकांनी बहिष्कार घातला, विक्री कोसळली. मे २००१ मध्ये टॉमकिन्स या ब्रिटिश मालकानं कंपनी सेफ-टी-हॅमर नावाच्या अमेरिकन कंपनीला विकली. या नव्या मालकाचा धंदाच मुळी बंदुकीच्या कुलपांचा होता, आणि त्यानंतर ते भोक रिव्हॉल्व्हरवर आलं. त्यामुळे अनेकांना ते भोक दिसलं की यंत्र आठवत नाही, सरकारपुढे झुकलेली कंपनी आठवते. कुलपावरची मतं वाचताना हा राग वेगळा काढायला हवा. त्याच्याखाली जी तांत्रिक तक्रार आहे, ती मात्र ऐकण्यासारखी आहे.

तक्रार अशी, की गोळी झाडताना बसणाऱ्या धक्क्यानं कुलूप आपोआप लागतं. ऐन गरजेला पुढचा बार निघत नाही. हे सगळ्या मॉडेलबद्दल कोणी म्हणत नाही. बोट दाखवलं जातं ते अतिहलक्या स्कँडियम-टायटॅनियम धातूंच्या, जोरदार मॅग्नम काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरकडे. ३४० पीडी या मॉडेलचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत आहे आणि ते .३५७ मॅग्नम झाडतं. वजन जितकं कमी, तितका तोच बार सांगाड्याला जोरानं मागे आणि वर फेकतो. कुलपाचा पत्रा हलका, त्याला खाली धरून ठेवणारी स्प्रिंग नाजूक. सांगाडा झटक्यानं सरकतो तेव्हा पत्रा जागीच राहू पाहतो, आणि स्प्रिंग कमी पडली तर तो जागचा हलून घोडा अडवतो. किलोभर वजनाच्या पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये तितका झटका बसतच नाही, म्हणून तिथे हा धोका फारच कमी. तेव्हा "कुलूप असलेलं रिव्हॉल्व्हर घेऊच नका" हा सरसकट सल्ला पटत नाही. "स्वसंरक्षणासाठी पिसासारखं हलकं मॅग्नम आणि त्यात कुलूप, हे एकत्र नको" हा सल्ला पटतो. कंपनीलाही ग्राहकांचं म्हणणं पोचलेलं दिसतं, कारण ६४२ सारखी छोटी मॉडेल ती आता कुलपाशिवायही विकते.

कुलपाच्या बाजूनं बोलणारेही कमी नाहीत, आणि त्यांचा मुद्दा घरातला आहे. रिव्हॉल्व्हर कपाटात असतं, घरात मुलं असतात, आणि कपाटाची चावी कुठे असते हे मुलांना मोठ्यांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. सोलापुरात मे महिन्यात पुण्या-मुंबईची नातवंडं सुट्टीला येतात तेव्हा हा मुद्दा आणखी टोकदार होतो. पण इथेच एक चूक होते: काडतुसं भरलेली ठेवून फक्त कुलूप लावायचं. कुलूप लावायच्या आधी सिलिंडर रिकामा करायचा, हा नियमच आहे. भरलेलं आणि कुलूपबंद रिव्हॉल्व्हर म्हणजे चावी सापडेपर्यंतच सुरक्षित.

आता सेफ्टी. हिच्यावर कोणी भांडत नाही, म्हणून तिची माहितीही कमी. पण अपघात टाळण्यात कुलपापेक्षा हिचा वाटा मोठा आहे.

दोन प्रकार लक्षात ठेवावेत, कारण ते बिघडतात तेव्हा अगदी उलट वागतात. पहिला हॅमर ब्लॉक, म्हणजे अडसर. घोडा आणि सांगाडा यांच्यामध्ये पोलादी पट्टीचं टोक उभं असतं. चाप ओढला की ते खाली सरकतं आणि घोड्याला वाट मिळते. दुसरा ट्रान्सफर बार, म्हणजे दुवा. यात घोडा फायरिंग पिनला (काडतुसावर आदळणाऱ्या खिळीला) स्वतः टेकतच नाही. चाप ओढलेला असेल तरच मधली पट्टी वर येते, घोडा पट्टीवर आदळतो आणि पट्टी ठोका पुढे पिनला देते. चाप सुटला की पट्टी खाली, मग घोड्यावर हातोडा मारला तरी ठोका पिनपर्यंत जात नाही. रूगरनं १९७३ मध्ये न्यू मॉडेल सिंगल ॲक्शन (घोडा आधी अंगठ्यानं चढवावा लागतो अशा) रिव्हॉल्व्हरमध्ये हीच रचना आणली.

अडसर तुटला किंवा कोणी तो बसवायचा विसरला, तर रिव्हॉल्व्हर अगदी व्यवस्थित चालतं. नेम, ठोका, चाप, सगळं जिथल्या तिथे. फक्त हातातून फरशीवर पडलं तर गोळी सुटू शकते, आणि हे पडेपर्यंत कळत नाही. दुवा तुटला तर उलट होतं: घोडा पडतो, ठोका लागत नाही, रिव्हॉल्व्हर बंद. म्हणजे दुव्याचा बिघाड लगेच उघड होतो आणि अडसराचा बिघाड लपून राहतो.

हा लपलेला बिघाड काय करतो याचं उदाहरण १९४४ चं आहे. अमेरिकन नौदलातल्या एका खलाशाचं स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी रिव्हॉल्व्हर जहाजाच्या पोलादी डेकवर पडलं, गोळी सुटली आणि माणूस गेला. त्या रिव्हॉल्व्हरला अडसर होता. पण तो स्प्रिंगच्या जोरावर जागेवर येणारा होता, आणि साठवणुकीसाठी लावलेलं घट्ट ग्रीस आत वाळून तो अडकून बसला होता. कंपनीनं मग स्प्रिंगवर भरवसा न ठेवता चापाच्या हालचालीनंच ओढला-ढकलला जाणारा सरकता अडसर केला आणि क्रमांकातल्या 'व्ही' अक्षराला 'एस' जोडला. आजच्या स्मिथ अँड वेसनमध्ये मूळ रचना तीच आहे. बोटाच्या लांबीची पातळ पट्टी, खालच्या भोकात रिबाउंड स्लाइडची (चाप परत आणणाऱ्या सरकत्या तुकड्याची) खुंटी, वरचं वळवलेलं टोक घोड्यासमोर. रिकामं रिव्हॉल्व्हर कानाशी हलवलं तर बारीक खुळखुळ ऐकू येते, ती बहुधा याच पट्टीची. दुरुस्तीनंतर ही खुळखुळ नाहीशी झाली असेल तर कारागिराला पट्टीबद्दल विचारावंच.

वाळलेल्या ग्रीसची गोष्ट सोलापूरकरांनी मनावर घ्यावी अशी आहे. इथे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. घट्ट किंवा खाद्य तेल दिलं तर ते चिकट होऊन आत बसतं, वर धूळ धरतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये कामकाज असेल तर हवेतले सुताचे तंतू त्या चिकटपणाला येऊन मिळतात. कुलपाचं उघडं भोक या कचऱ्याला आयतं घर मिळवून देतं: चावी अर्धवट बसते, जोर लावला की चावी वाकते. उपाय साधा आहे. बंदुकीचं पातळ तेल, तेही थेंबभर, आणि जास्तीचं पुसून काढायचं. भोकात तेल ओतायचं नाही, कोरड्या मऊ ब्रशनं ते झाडायचं. रिव्हॉल्व्हर कातडी म्यानात घालून महिनोन्महिने ठेवायचं नाही. कातडं दमटपणा धरतं आणि पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय असतं? खासगी माणसाला परदेशी शस्त्र आणणं १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे वडिलांच्या, आजोबांच्या परवान्यावरून वारशानं आलेलं स्मिथ अँड वेसन किंवा ब्रिटिश बनावटीचं वेब्ली हे कुलपाच्या कितीतरी आधीचं असतं. ही चावी कुठे मिळेल, असा प्रश्नच तिथे लागू होत नाही. बाकी बरीच मंडळी कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं .३२ रिव्हॉल्व्हर वापरतात. निर्भीक हे टायटॅनियम मिश्रधातूचं मॉडेल २०१४ मध्ये कानपूरमधूनच आलं. तेव्हा सोलापूरच्या परवानाधारकानं कुलपाच्या वादात पडण्यापेक्षा आपल्या रिव्हॉल्व्हरची पडझडीपासूनची सेफ्टी तपासणं जास्त गरजेचं.

तपासणी घरी होते. आधी काडतुसं काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. सिलिंडरचा प्रत्येक कप्पा डोळ्यांनी बघा, मग बोट लावून बघा. नळी भक्कम भिंतीकडे. चाप न ओढता अंगठ्यानं घोडा पुढे दाबा. तो थोडा हलून थांबला आणि पिनचं टोक सांगाड्याच्या भोकातून बाहेर आलं नाही, तर ठीक. टोक बाहेर आलं तर ते रिव्हॉल्व्हर भरू नका. दुवा असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप अगदी सावकाश ओढत घोड्याच्या पुढच्या फटीत बघा, पट्टी वर चढताना दिसली पाहिजे आणि चाप सोडल्यावर खाली गेली पाहिजे. ती रेंगाळली तर आत मळ आहे किंवा परतीची स्प्रिंग दमली आहे.

जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सेफ्टीबद्दल शंका असेल तर सहा कप्प्यांत पाचच काडतुसं भरावीत आणि रिकामा कप्पा घोड्यासमोर ठेवावा. चाप ओढला किंवा घोडा चढवला की सिलिंडर फिरून पुढचं भरलेलं काडतूस समोर येतंच, म्हणजे पहिला बार वाया जात नाही. एक बार कमी मिळतो, तेवढीच किंमत.

कुलूप काढून टाकणं हा अमेरिकेत अनेकांचा घरगुती उद्योग आहे. आपल्याकडे तो करू नये, आणि कारण नुसतं यांत्रिक नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि फेरफार हा परवाना लागणारा व्यवसाय आहे. लेथवाला कितीही हुशार असला तरी रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे न्यायचं नाही. शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना घेताना सुरक्षित वापर आणि साठवणुकीचं हमीपत्र दिलेलं असतं. असलेली सुरक्षा उखडून टाकलेली उद्या चौकशीत निघाली, तर त्या हमीपत्रावर काय बोलणार?

ज्यांच्या रिव्हॉल्व्हरला कुलूपच नाही त्यांनी बाहेरून लावायचं केबल लॉक घ्यावं. सिलिंडर बाजूला निघत असेल तर तो उघडा ठेवून केबल सांगाड्याच्या खिडकीतून ओवायची, म्हणजे सिलिंडर बंदच होत नाही. वेब्लीसारखं मधून बिजागरीवर दुमडणारं असेल तर ते दुमडून केबल नळीतून काढायची. दोन्ही वेळा रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे लांबूनही दिसतं, आणि आतल्या कुलपाला हे जमत नाही. चापाच्या कड्यात बसणारं लॉक मात्र भरलेल्या रिव्हॉल्व्हरवर कधीच लावू नये. लावताना ते चापाला घासू शकतं.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला, तर न्यायच्या आधी घरीच रिकामं करा. आतलं कुलूप असेल तर ते उघडून द्या आणि चावी आपल्याकडे ठेवा. तिकडे कोणी चावीशिवाय घोडा ओढून बघितला तर नाजूक पत्र्यावर ताण येतो. परत घेताना ठाण्यातून बाहेर पडायच्या आधी पावतीवरचा क्रमांक रिव्हॉल्व्हरवरच्या क्रमांकाशी ताडून बघा, आणि घरी आल्यावर वरची अंगठ्याची तपासणी पुन्हा करा. महिनाभर इतर शस्त्रांच्या गर्दीत पडून असताना त्याला कुठे मार बसला, हे कोणी सांगणार नाही.